मधूची सही

६ जानेवारी, मंगळवार
बँकेची माणसं आमच्या धानाच्या मिलच्या फाटकावर जप्तीची नोटीस चिकटवून गेली. भागीदार मधूने ती माझ्यासमोर फाडली. म्हटलं, फाडून काय होते, चंद्रपूरला वकीलबाईंकडे चल. "तू जा. मले मशीनचा पट्टा पाहाचा हाय." मिल दिवाळीपासून बंद, आणि हा पट्टा पाहतो! वडशात नवं धान उतरून राह्यलं. शेजारच्या मिलांची घरघर दिवसभर कानात. बसवत नाही कुठे. बायको शमीम म्हणते, "जेवताना तरी उठू नका."

८ जाने.
चंद्रपूर. मधू आला शेवटी. रायपूरचा व्यापारी आपला तांदूळ उचलून दिवाळखोरीत गेला, तिथून पैसा सुटायला वर्षं लागतील, बाई म्हणाल्या. आधी बँकेशी तडजोड. मग गोंदियाच्या शेठचा विषय मीच काढला. त्याला मिल विकत हवी, बाजार सांभाळायला मी हवा. मधू नको.
बाईंनी पेन खाली ठेवलं. "रफीकभाऊ, आता तुमचं आणि यांचं हित एक नाही. मी दोघांची वकील राहू शकत नाही. मधुकरभाऊंनी दुसरा वकील बघावा."
मधू हसला. "भागीदारी एक अन् वकील दोन?" परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसला.

११ जाने., रवि.
सकाळीच मधूच्या घरून सुनंदावहिनी आल्या. कर्जाला तारण म्हणून मधूचं राहतं घर लिहून दिलेलं, माझं नाही. मिल विकली तर घर सुटते. नाहीतर मिलसोबत घराचाही लिलाव. "भाऊ, त्यायले मिल पाहिजे, मले घर पाहिजे. कशीबी त्यायची सही घ्या." चहाला हात लावला नाही.
विकण्यात माझंही भलं आहे, तेच टोचून राह्यलं. वहिनींसाठी बोलतो की स्वतःसाठी, मलाच कळेना. मधूच्या जागी मी असतो तर…

१२ जाने.
मधू मिलमध्येच सापडला. मशीन उघडून बसलेला, हात ग्रीसने काळे.
"घर जाईल रे."
"काऊन जाईन? कोर्टात लढू."
"कशाच्या जोरावर?"
"तू शेठकडून बोलून राह्यला, रफीक."
ओरडलो. तोही ओरडला. चौकीदार डोकावून गेला. मग दोघंही त्या उघड्या मशीनकडे बघत उभे.
बाहेर येऊन शेठला फोन लावला. मधूला मशीनवर ठेवा, नाहीतर मीबी नाई. रागाच्या भरात बोललो खरं. विचार करतो म्हणाला. शमीमला अजून सांगितलं नाही.

१४ जाने.
संक्रांत. वहिनींनी तिळगूळ पाठवला. मधू आला नाही, दरवर्षी येतो. संध्याकाळी शेठचा फोन: ठेवतो, पगारावर. मधूला सांगायला दोनदा निघालो, चौकातून परत फिरलो. शमीमला सगळं सांगितलं. म्हणाली, "त्याने नाई म्हटलं तर आपलं काय?"

१६ जाने., शुक्र.
चंद्रपूर. मधू, वहिनी, त्यांचा वकील समोरच्या बाकावर. तडजोडीचे कागद वाचून झाले. मी सही केली.
मधूने विचारलं, "मशीन कोण चालवन?"
"तूच. शेठ कबूल आहे. पगारावर."
"माझ्याच मिलमंदी नौकर?"
उठून बाहेर गेला. वहिनी मागे धावल्या. त्याची सही झाल्याशिवाय विक्री होत नाही, बँकेची मुदत सोमवारपर्यंत, बाईंनी पुन्हा सांगितलं. कागद माझ्याजवळ दिले.
गाडीत मधू-वहिनी पुढच्या बाजूला. मूल स्टेशन गेल्यावर मधू उठून आला, माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "तो शेठ बॉयलर बदलीन का?"
"माहीत नाही. विचारून सांगतो."
"विचार."
कागद पिशवीतच होते. काढावे वाटलं. काढले नाहीत. वडसा आलं.