खोदाई धरली आहे

बुधवार, १२ फेब्रुवारी

गल्लीची मोजणी झाली एकदाची. नगरपालिकेच्या ऑफिसातून इंजिनिअर शर्मिला मॅडम आल्या होत्या. टेपचं दुसरं टोक मी धरलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण माझ्याच गल्लीच्या रस्त्याचं एस्टिमेट होतंय आणि मी ठेकेदार माणूस घरात बसून राहू?

आमच्या दाराशी मॅडम थांबल्या. रस्ता उंबऱ्याच्या वर गेलाय. आधी खडी, तिच्यावर डांबर, डांबरावर काँक्रीट — दर वेळी जुन्यावरच नवं. उकरून काढायची तसदी कुणी घेतली नाही. दार उघडण्यापुरती जागा तेवढी खाली राहिलीय, आई आता घरात शिरताना पायरी उतरते. एकवीसच्या पुरात गल्लीतलं पाणी आपोआप ओसरलं, आमच्या घरातलं बादल्यांनी उपसावं लागलं. अजून एक थर पडला तर दारच उघडणार नाही, ते बाहेरच्या बाजूला उघडतं. दिवसभर आई एकटी असते आत.

समोरचे काशीराममामा गॅलरीतून म्हणाले, "मॅडम, रस्ता चांगला दोन फूट वर घ्या. परत पाणी नाय आलं पायजे." त्यांनी पुरानंतर नवं घर खांबांवर बांधलंय. गल्लीत बहुतेकांनी तेच केलं. आम्ही चार घरं जुन्या जोत्यावर राहिलो.

मी म्हटलं, मामा, ते पाणी मग आमच्यात येईल.

"मग तू पण घे ना रे घर वर. ठेकेदार ना तू?"

असा राग आला! बाबांनी बांधलेलं चिऱ्याचं घर, पाडल्याशिवाय ते वर कसं येणार? पण मॅडमसमोर टेप गुंडाळायला लागलो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

ऑफिसात जाऊन आलो. मॅडमनी स्वतःहून सांगितलं — "खोदाई धरली आहे. जुने सगळे थर काढायचे, मगच काँक्रीट. रस्ता तुमच्या उंबऱ्याच्या खाली राहील." रस्ता वर घ्या म्हणून काशीराममामांनी दिलेला अर्ज त्यांनी वाचला होता, तरीही!

आईला सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "खाली जाणार ना नक्की?" मग म्हणाली, "बाई शिकलेली हाय, तिला कळलं." रात्री जेवताना पुन्हा तोच विषय.

शनिवार, १ मार्च

हायवेवरच्या हॉटेलात बैठक. दर टेंडरच्या आधी आम्ही सगळे ठेकेदार असे बसतो आणि कुणाचा नंबर ते ठरतं. या वेळी दीपकशेठचा. काँक्रीटचा प्लांट त्यांचाच, त्यामुळे नंबर बहुतेक वेळा त्यांचाच असतो म्हणा.

मला सपोर्ट द्यायचाय. म्हणजे माझंही टेंडर भरायचं, पण मुद्दाम चढ्या दराने, शेठचं खालचं दिसावं म्हणून. हे मी करत आलोय. सगळेच करतात. याला आमच्यात कुणी लबाडी म्हणत नाही, व्यवहार म्हणतात.

चहा झाल्यावर मी विचारलं, "शेठ, खोदाई करणार ना?"

शेठ हसले. "अरे, खोदाई एस्टिमेटमध्ये असते. खाली पाण्याची जुनी लाइन हाय. फुटली तर तुझीच गल्ली मला मारल. वरून टाकून मोकळं व्हायचं."

म्हटलं, माझं घर आहे तिथे. तर म्हणाले, "दाराशी तुला एक कठडा बांधून देतो, फुकट."

बाकीचे हसले. मीही हसलो — त्याचीच जास्त लाज वाटते.

गुरुवार, ६ मार्च

टेंडर भरलं. खऱ्या दराने, खोदाईसकट. सपोर्ट गेला खड्ड्यात.

शुक्रवार, ७ मार्च

झोप नाही. टेंडरला, काँक्रीट देऊ असं कुठल्यातरी प्लांटचं पत्र जोडावं लागतं. शेठकडे कसा मागणार? वीर स्टेशनच्या पलीकडे एक लहान प्लांट आहे, टेंडर भरण्याआधी त्याच्याकडून गुपचूप आणलं होतं. मालक भला वाटला. एवढंच म्हणाला, "शेठला कळलंय का?" मी पत्राची घडी करून खिशात टाकली, त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

गुरुवार, २० मार्च

चवदार तळ्यावर गर्दी. आई पांढरी साडी नेसून सकाळीच गेली, मी पाण्याच्या वाटपाला होतो. दुपारी तिला घरी आणलं. पायरी उतरताना तिने माझा खांदा धरला. गुडघे पार गेलेत तिचे. तळ्यावर भेटेल त्या बाईला सांगत होती — "आमची गल्ली आता खाली जाणार हाय, माझ्या राहुलनं टेंडर भरलंय." किती जणींना सांगितलं कोण जाणे. शेठच्या कानावर जायला तेवढं पुरे. पण आजच्या दिवशी तिला गप्प बस कसं म्हणणार?

मंगळवार, २५ मार्च

बाद.

दर उघडलेच नाहीत माझे. वीरच्या प्लांटवाल्याने ऑफिसला कळवलं, की दिलेलं पत्र मागे घेतोय. मॅडम म्हणाल्या, "पत्राशिवाय मला पुढे जाता येत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का, दुसरं एक पत्र जवळ ठेवा म्हणून?" कोण सांगणार? दुसरा प्लांट कुठाय?

काम दीपकशेठला.

आईला म्हटलं, अजून निकाल लागायचाय. सरळ खोटं बोललो.

बुधवार, २ एप्रिल

पोलादपूरला माझं गटाराचं काम चालू आहे. चर खणून, सळ्या बांधून तयार — आणि काँक्रीटची गाडी नाही. फोन केला तर शेठच्या प्लांटवर म्हणतात, मशीन बिघडलंय. माझ्यासमोरून त्याच प्लांटच्या दोन गाड्या भरून घाट चढल्या. माझी माणसं सावलीला बसून. गणू कधी तोंड उघडत नाही, तो पण म्हणाला, "आज पण नाय का? मग आमी दुसरीकडं बगू?"

सोमवार, ७ एप्रिल

तीच रड. दोघे सोडून गेले. शेठचा निरोप आला, भेटून जा. मी जाणार नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

गेलो.

शेठनी रागाचा एक शब्द काढला नाही. स्वतः पाणी दिलं. म्हणाले, "झालं गेलं सोड. तुझी माणसं रिकामी, माझी गोव्याच्या बाजूला अडकलेली. तुझ्या गल्लीचं काम तूच कर. पोटठेका. गल्लीतला पोरगा म्हटल्यावर तक्रार पण कोण करणार नाय. पोलादपूरला उद्याच गाड्या लावतो."

मी विचारलं, आणि खोदाई?

"ती नाय."

बाहेर उन्हात गाडीवर येऊन बसलो. गणूला फोन केला — उद्या या सगळे, पुढे आमच्या गल्लीचं काम पण आहे. मग आत जाऊन हो म्हटलं.

खोदाई होणार नाही हे मॅडमना सांगावंसं वाटतं. सांगितलं तर पुन्हा काँक्रीटची गाडी मिळणार नाही, कुठेच नाही. घरी काही बोललो नाही. तोंडच नाही.

शनिवार, १२ एप्रिल

आईला गणूकडून कळलं असावं. संध्याकाळी पोलादपूरहून आलो तर आई गल्लीत दारोदार पेढे वाटत होती. काशीराममामांच्या जिन्याशी उभी राहून म्हणाली, "माझ्या राहुललाच मिळालं हो काम. आता बघा, उकरूनच होईल."

मलाही एक दिला. खाल्ला.