आईच्या वड्या खवट होतात

१४ मार्च
साबणाच्या याही वड्या खवट निघाल्या. अभिमन आज धुळ्याच्या स्टँडवर भेटला, तेव्हा म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता बिचारा. "अक्का, आईच्या खोलीत शिरलं की जुन्या तेलाचा वास येतो." भेगा तशाच आहेत. विचारलं तर आई विषय बदलते.

तिच्या हातापायांची कातडी फाटते. दुकानातला साबण झोंबतो. त्यासाठीच तर साबण करायला शिकले मी! नीलेशशी लग्न केलं तेव्हापासून वडिलांनी, नानांनी, दार बंद केलंय. मुलगी असून आईला हात लावता येत नाही. साबण तेवढा भावाच्या हाती जातो — तोही नासका.

१५ मार्च
शेजारच्या नाजमीनला दाखवलं. साबण तिनेच शिकवलेला. तिने माझा शेंगदाणा तेलाचा डबा हुंगला आणि बाजूला सारला. तेल ताजंच हवं म्हणाली. कास्टिक सोड्याशी साबण होऊन उरतं ते जास्तीचं तेल कमी ठेवायचं, तेच खवटतं. व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल आधी तेलात फोडायच्या. वड्या लोखंडी रॅकवर नकोत, टोपलीत, वारा लागेल अशा.

सगळं करते. अजून काय करू?

६ मे
नव्या वड्या मुरल्या. पाठवल्या. एक इथेच ठेवली, रोज हुंगते. इथे पिंप्राळ्यात उन्हाने जीव भाजून निघतोय, तरी वास नाही. डागही नाही.

२० जून
अभिमनचा मेसेज — आईकडे परत तोच वास.

इथली वडी पांढरीशुभ्र. तेच तेल, तेच हात. मग तिथेच काय होतं? नाना मुद्दाम उन्हात टाकत असतील? असं मनात आलं नि स्वतःचीच किळस आली. नीलेश म्हणाला, सोड आता. त्याच्यावर ओरडले. मग मोरीत बसून रडले.

माझ्या हातून तिला काही लाभायचंच नाही. आता साबण करणार नाही.

२१ जून
कास्टिकचा डबा नाजमीनला देऊन टाकला. तिने घेतला.

३ जुलै
अभिमनचा फोन. आईला दवाखान्यात न्यायचं म्हणून तिच्या ट्रंकेतून लुगडं काढायला गेला. तळाशी माझ्या सगळ्या वड्या, अगदी पहिल्या खवट वडीपासून, एका फडक्यात घट्ट बांधलेल्या. एकीलाही पाणी लागलेलं नाही.

तो तिच्यावर रागावला. ती म्हणाली, "घसा तं सरी जाई. मंग रत्नानं काय ऱ्हाई घरमा?" घासली तर संपेल, मग माझं, रत्नाचं, त्या घरात काय उरेल?

उद्या पिंपळनेरला, माहेरी जाते. नाना काय म्हणायचं ते म्हणोत. आईला आंघोळ मीच घालणार.