चाळीस हजार ठिकाणी माझं नाव

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचा! ट्रंक, गादी, टेबलफॅन, दोन पिशव्या आणि मी, सगळे धडधाकट. क्वार्टर म्हणजे दोनच खोल्या, पण स्वयंपाकघरात ऊन थेट ओट्यावर येतं. ठकीच्या आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली की ओट्याखाली झुरळं आहेत का ते आधी बघा. बायकांचं हे असं असतं. नळ सोडला की भिंतीत कुणीतरी घोरल्यासारखा आवाज येतो, तेवढं सोडलं तर घर झकास आहे.

ठकी म्हणजे आमचं कन्यारत्न. वय सहा, तोंड साठ वर्षांचं. तिची परीक्षा संपली की पंधरा-वीस दिवसांत दोघी येतील. तोवर मी राजा. ऑफिस रस्त्याच्या पलीकडे, म्हणजे इथे शिंकलो तर तिथून कुणीतरी रुमाल द्यावा. खाली औषधाचं दुकान, शेजारी इस्त्रीवाला. अजून काय पाहिजे माणसाला?

४ मार्च, मंगळवार

दप्तरखान्याचा पहिला दिवस. गावातल्या प्रत्येक माणसाचा प्रत्येक कागद इथे कॉम्प्युटरवर आहे. जन्म, शाळा, लग्न, घर, दवाखाना, मरण. मुख्य आहेत मोठ्या बाई. चष्मा कायम कपाळावर, आणि रागावल्या की तो डोळ्यांवर येतो असं कळलं. दुसरे शिपाई मामा. एकटा जीव, पन्नाशीचा. एकच विनोद त्यांनी मला सकाळपासून तीनदा सांगितला, आणि तिन्ही वेळा माझ्याआधी तेच हसले.

माझ्या आधीचे दप्तरदार इथलेच. सगळं गाव त्यांना दादा म्हणायचं. लग्न केलं नाही, म्हातारी आई मागच्या वृद्धाश्रमात असते. गेल्या महिन्यात काम करता करता हृदय बंद पडून वारले, याच टेबलावर. मामांनी मला खुर्ची नवी आणून दिली. टेबल मात्र तेच.

काम असं की प्रत्येक फाइलच्या तळाशी 'ताब्यात' म्हणून दादांचं नाव आहे, तिथे आता माझं यायला हवं. बाईंनी बजावून सांगितलं की एकेक फाइल उघडायची, वाचायची, फक्त तळाची ओळ हाताने बदलायची. दोन महिने लागले तरी चालतील. मी मान डोलावली. दोन महिने! मग यंत्र काय आरती ओवाळायला ठेवलंय?

जाता जाता माझेही कागद दाखल करून घेतले. लग्नाचा दाखला, ठकीचा जन्मदाखला. आता आम्हीही इथलेच.

६ मार्च, गुरुवार

झालं काम! दोन महिन्यांचं काम एका दुपारी. वरच्या चौकोनात 'शोधा', तिथे दादांचं नाव. खालच्यात 'त्याजागी', तिथे माझं. सगळे फोल्डर निवडले. जुन्या प्रती जपून ठेवू का, असं यंत्राने विचारलं. डिस्क आधीच भरत आलेली, म्हटलं कशाला अडगळ. नको. 'सगळे बदला' दाबलं आणि चहाला गेलो. परत येऊन बघतो तर चाळीस हजारांवर ठिकाणी माझं नाव! राजाला तरी मिळतं का एवढं?

मामा तर तोंडात बोटं घालून बघत राहिले. बाईंचा चष्मा मात्र खाली आला. सगळ्या फाइली वाचल्या का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं की यंत्र वाचतं. हाताने करा म्हटलं होतं, एवढंच बोलून त्या आत गेल्या. जळतात लोक.

९ मार्च, रविवार

गाव फारच प्रेमळ निघालं. खाली औषधवाल्याने न मागता गोळ्यांची पाकिटं हातात ठेवली, नेहमीच्या म्हणून. मी म्हटलं की माणूस चुकला तुमचा. तो हसला आणि म्हणाला की दादा, तुमची थट्टेची सवय काही जात नाही. रस्त्यात एक निवृत्त मास्तर भेटले. चौथीत मी त्यांच्या वर्गाची काच फोडली होती म्हणे. एवढ्या लांबून येऊन काच फोडायची म्हणजे माझा नेम चांगलाच असणार.

संध्याकाळी वृद्धाश्रमातून निरोप आला की आई वाट बघतेय. गैरसमज दूर करावा म्हणून गेलो. म्हातारीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि वाळलास किती म्हणून रागावली. मग माझी पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि तिथला व्रण बघून शेजारणीला सांगायला लागली की हा शाळेच्या भिंतीवरून पडला होता तेव्हाचा. मी सायकलवरून पडलो होतो. सायकल लाल होती. भिंतही आठवते, तिच्यावर काचा लावल्या होत्या.

माझी आई मी कॉलेजात असताना गेली. म्हणून बसलो थोडा वेळ तिच्यापाशी. काय बिघडलं?

१२ मार्च, बुधवार

बिघडलंय. आज माझं नाव शोधून पाहिलं. दादांचा जन्म, माझ्या नावावर. दादांची शाळा, दादांचं घर, दवाखान्याची फाइल, सगळं माझ्या नावावर. हा माणूस इथेच जन्मला, इथेच वाढला, त्याचं नाव काय फक्त तळाच्या ओळीत असणार? एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही. उंटावरचा शहाणा मी.

जिना चढताना छातीत कळ आली. डॉक्टरांनी फाइल उघडली आणि सांगितलं की हृदय तुमचं किती वर्षांपासून असंच आहे, गोळ्या का चुकवता? मी म्हटलं मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघतोय. ते हसले. सगळेच हसतात इथे.

घरी फोन केला. ठकीच्या आईचा आवाज उतरलेला. सकाळी उठल्यावर खुंटीवरचा शर्ट कुणाचा, ते तिला क्षणभर आठवेना. झोप झाली नसेल, असं ती म्हणाली. दादांच्या कागदावर 'अविवाहित' लिहिलंय, आणि ते नाव आता माझं आहे.

१४ मार्च, शुक्रवार

ऑफिसच्या दाराशी माझा फोटो लावलाय. हार घातलेला.

आत सगळे उभे होते, दोन मिनिटं शांत. मी आलो तरी कुणी हललं नाही. नंतर बाईंनी मला बाजूला घेऊन समजुतीच्या आवाजात सांगितलं की कागदाप्रमाणे तुम्ही गेल्या महिन्यात वारलात, तेव्हा या टेबलावर बसणं बरं दिसत नाही. मी ओरडलो. मी जिवंत आहे, हात लावून बघा! त्यावर त्या म्हणाल्या की बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, जिवंत असल्याचा एक कागद दाखवा. मी शोधला. सापडला तो मृत्यूचा दाखला.

छाती दुखतेय. दाखल्यावर मरणाचं कारण लिहिलेलं आहे. मला भीती वाटतेय, खरंच भीती वाटतेय.

१५ मार्च, शनिवार

सोपं आहे! जसं केलं तसं उलटं करायचं. माझं नाव शोधा, त्याजागी दादांचं. दप्तरखान्याची किल्ली अजून माझ्याकडे आहे. दुपारी सुट्टी झाल्यावर गेलो, 'सगळे बदला' दाबलं. कळ थांबली. लगेच, जागच्या जागी. मी मोठ्याने हसलो.

मग हसू गेलं. आमच्या लग्नाच्या दाखल्यात माझं नाव होतं. ठकीच्या जन्मदाखल्यात होतं. ते दादांचं कधीच नव्हतं, माझंच होतं. यंत्राला काय कळणार, कुठलं आधीपासून माझं आणि कुठलं मी परवा घातलेलं? दुधात पाणी ओतलं, आता पाणी वेगळं काढायचं म्हणून सगळंच उपसलं.

जुन्या प्रती ठेवल्या नाहीत. मीच नको म्हटलं.

१७ मार्च, सोमवार

औषधवाला ओळखत नाही. इस्त्रीवाला ओळखत नाही. क्वार्टरला दुसरं कुलूप आहे, माझी ट्रंक तेवढी दाराबाहेर. बाईंनी विचारलं की आपलं काय काम होतं. मामांनी पाणी दिलं, नवीन माणसाला देतात तसं. मी मागच्या फायलींच्या खोलीत राहतोय. जुने गठ्ठे आहेत तिथे, कुणी येत नाही.

घरी फोन लावला. तिने विचारलं, कोण बोलतंय. मी म्हटलं अगं मी. ती म्हणाली की हे घरीच आहेत, शनिवारी संध्याकाळी आले, तुम्ही कोण? मग आवाज दबका करून, परक्याला सांगावं तसं सांगायला लागली. हे जेवत नाहीत. बोलत नाहीत. रात्रभर पोरीच्या उशाशी बसतात. थकले असतील, दुसरं काय.

मी म्हटलं पोरीला फोन दे. ठकी आली. तिला पूर्ण नाव विचारलं. शाळेत सांगतात तसं खणखणीत सांगितलं तिने. मधलं नाव दादांचं.

बाबांचे हात गार आहेत, म्हणाली. फ्रिजसारखे. आणि ते तिचा हात सोडतच नाहीत.

१८ मार्च

हाताने करायचं. बाई म्हणाल्या होत्या तसं. एकच फाइल, एकच ओळ. ठकीचा जन्मदाखला उघडला. वडील: त्याचं नाव. पुसलं. माझं नाव लिहायला बोटं ठेवली.

काय होतं?

काय होतं नाव? जिभेवर आहे. नाही, जिभेवरही नाही. ट्रंकेवर रंगाने लिहिलं होतं, तिथे आता त्याचं आहे. ही रोजनिशी सगळी चाळली. एकदाही लिहिलेलं नाही. स्वतःच्या रोजनिशीत कोण लिहितं? बायको आयुष्यभर अहो म्हणाली. ठकी बाबा म्हणते. ठकीच्या आईला पुन्हा फोन केला, हात जोडून विनवलं, बाई, तुझ्या नवऱ्याचं नाव एकदा सांग. तिने सांगितलं.

त्याचंच.

१९ मार्च

आले. खिडकीतून पाहिलं. तो पुढे, ठकीचा हात धरून. मागे ही, दोन्ही हातांत सामान. इकडचं तिकडचं बोलतेय, एकटीच. तो क्वार्टरचा जिना चढतो तेव्हा पायांचा आवाज येत नाही.

ठकी गप्प. माझी ठकी गप्प! तिने वरसुद्धा बघितलं नाही. ओठ काळसर—

मी धावलो. हिने दार लावून घेतलं. पोलिसांना बोलावते म्हणाली.

२१ मार्च

मामा क्वार्टरवर गेले होते, पोरीसाठी गोळ्या-बिस्किटं घेऊन. परत आले ते रडत. बाईंना सांगत होते, मी गठ्ठ्यांमागून ऐकलं. पोर उठत नाही. अंग बर्फ. डॉक्टरांना काही सापडत नाही. बाप उशाशी बसलाय तसाच, हात धरून. मामांनी तिला त्यांचा तो विनोद सांगितला, तर ती हसायचा प्रयत्न करत होती—

देवा, मला शिक्षा दे. तिला का?

नाव आठवत नाही. अ पासून सुरुवात केली. सगळी नावं आपलीच वाटतात. एकही वाटत नाही.

२२ मार्च

ओळ रिकामी ठेवून पाहिली. यंत्र घेत नाही. नाव हवंच म्हणतं.

कुठलंही ठोकून देता येत नाही. कोण असेल त्या नावाचा? जिवंत की— ज्याच्याबद्दल खात्री आहे असं एकच नाव मला येतं. जिवंत आहे. पोरीसाठी रडलाय. आगापीछा नाही. विनोद वाईट करतो, करू दे.

मामांचं नाव लिहिलं. वडील. मग लग्नाच्या दाखल्यातही, नाहीतर ही त्या मेलेल्याकडेच राहिली असती. तिला विचारलं नाही. कसं विचारणार? दोनच ठिकाणी. हाताने. दोनदा वाचलं. डोळ्यांतलं पाणी थांबेना, तरी वाचलं.

दाबलं.

नंतर

पॅसेजमध्ये आवाज. ठकी! बडबडतेय! मामांच्या खांद्यावर, गाल लाल, हातात बिस्किट. ही मागून ओरडतेय, अहो, पडेल ती. मामांना अहो म्हणतेय. ठीक. ठीक आहे. चालेल.

तो वारला त्याच टेबलाशी परत येऊन बसलाय. समोरच. माझ्याकडे बघत नाही.

ठकी आत आली, गठ्ठ्यांतून वाट काढत. अगदी जवळ उभी आहे. बिस्किटाचा वास येतोय. काका, काय लिहिताय, विचारते. तिला आता वाचता येतं, अक्षर अक्षर लावून. विचारते, तुमचं नाव काय. सांगतो म्हटलं. लिहूनच दाखवतो म्हटलं, बघ हं, नीट बघ, माझं नाव—