खाली कोण उभं आहे?

बाई, शिकवणाऱ्या आपणा सगळ्यांचं एक जुनं दुखणं आहे: मुलं पाठ करतात, समजून घेत नाहीत. तुम्ही ते वर्गात चिडून बोलायचात, मी आता सभागृहांत गरजून बोलतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पालकांसमोर उभा राहिलो की पहिली गोष्ट तुमचीच सांगतो.

नौपाड्यातल्या शाळेत मी भूमितीत नापास झालेलो. प्रमेय पहिल्या ओळीपासून घोकायचो. मधली एक ओळ निसटली की सगळंच गेलं. संध्याकाळी मात्र टेंभी नाक्याला दहीहंडीच्या सरावात दुसऱ्या थरावर घट्ट उभा. एकदा तुम्ही भाजीची पिशवी घेऊन तिथे थांबलात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलंत, "काय रे गोविंदा, तुमचे सराव घेणारे दादा आधी काय शिकवतात? चढायला?" मी म्हटलं, "नाही बाई, उतरायला. सगळ्यात वरचा आधी, मग त्याच्या खालचे. मधल्यानं अंग काढलं तर सगळे पडतात." तुम्ही फळ्याकडे बोट केलंत. "मग हे तसंच उतरव. जे सिद्ध करायचंय तो वरचा गोविंदा. तो कुणाच्या खांद्यावर उभाय?" मी शेवटच्या ओळीपासून एकेक विधान खाली आणत गेलो, प्रत्येकाला त्याचा खांदा विचारत, आणि तळाशी पक्ष, दिलेली गोष्ट, पाय रोवून उभी. मागची बाकं हसत होती. मला पहिल्यांदाच भूमिती दिसत होती.

पुढे इतिहास, कायदा, राजकारण मी असंच वाचलं. आता व्याख्यानं देतो; समोरच्याचा मुद्दा थराथरानं उतरवला की टाळ्या पडतात. मुलीलाही हेच शिकवलं. ती बारावीला आहे, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास लावलाय इथे डोंबिवलीत. रविवारी ती डबा न उघडताच परत आली आणि ओट्याला टेकून म्हणाली, "बाबा, मला डॉक्टर नाही व्हायचं. क्लास बंद करूया." मी सुरू झालो. तिनं हात वर केला. "ए, भाषण नको. उतरवूया. मी डॉक्टर होणार, हे कुणाच्या खांद्यावर?"

"तुझ्या मार्कांच्या."

"ते?"

"अभ्यासाच्या."

"आणि अभ्यास? जेवण जात नाही मला, झोप लागत नाही. तो कशावर उभाय?"

"तुझ्या इच्छेवर."

"ती माझी नाहीये, बाबा. तू प्रत्येक भाषणात सांगतोस, माझी मुलगी डॉक्टर होणार. तेवढंच आहे खाली."

आयुष्यभर दुसऱ्यांचे मुद्दे उतरवले, माझा कधी उतरवून पाहिला नव्हता. तळाशी काही नसताना पोराला वर उभं ठेवणाऱ्या दादाला तुम्ही काय म्हणाला असतात, ते मला नीट ठाऊक आहे. तेव्हापासून ती पुस्तक उघडून बसते, पान उलटत नाही. मी दारातून बघतो आणि परत फिरतो.

शनिवारी पुन्हा नौपाड्यात पालकांसमोर उभा राहायचंय. भाषणाचा शेवट ठरवलाय: आज घरी जा, मुलाला विचारा, तुझ्या खाली कोण उभं आहे, आणि त्याचं उत्तर पुरं होईपर्यंत तोंड उघडू नका.

हे पत्र कुठे टाकणार, बाई? ठेवतो इथेच. तिला अजून "सोड" म्हटलेलं नाही. शब्द तोंडाशी येतो, आणि त्याच्या जागी भाषण बाहेर पडतं.