नारायणरावांच्या मिलीचा शोध

ता. १५ फेब्रुवारी १९६५, सोमवार

चिखलीला गेले तशी परत आले. हात हलवत! रजिस्ट्री कचेरीतला कारकून म्हणतो, "आज साहेब नाहीत, आजीबाई." म्हटलं, साहेब नसले म्हणून पुस्तकं काय पायानं चालत गेली? तर म्हणे कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात. डोणगावाहून चिखलीपर्यंत मोटारीत उभी राहून गेले होते मी, गुडघे धरून — ते काय त्या खिशासाठी?

उत्तमला सांगितलं नव्हतं. पण कोणीतरी पाहिलं आणि त्याच्या कापडाच्या दुकानात जाऊन ओकलं. जेवायला बसला तो तोंड फुगवूनच. "माय, कचेरीत काऊन गेलतीस?"

सांगितलं सरळ. कोकिळेला ज्या घरी देऊन राहिलास, त्या नारायणरावांची डाळ मिल गहाण आहे का ते पाहायला. गहाणखत सरकारी पुस्तकात चढवतात. पैसे भरले की कोणालाही पाहता येतं.

"लोकं पत्रिका पाहतात, माय!"

पाहू देत. मंगळ काही मिलीला कुलूप ठोकायला येत नाही. बँक येते.

सून फिसकन हसली. मग नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि पदरानं हसू पुसलं.

ता. १६

कोकिळा माझ्याशी बोलत नाही. "त्याईले समजलं तर काय म्हणतील, आजी?" म्हणून सकाळीच रडली. मुलगा तिच्या मनात भरलाय. माझ्याही भरलाय! मालकाचा पोरगा असून पोती स्वतः उचलतो. पण माझी बहीण अन्नपूर्णा अशीच एका जिनिंगवाल्याच्या घरी दिली होती. पहिली दिवाळी गेली आणि जप्ती आली. रुखवतात दिलेली तांब्याची घागरसुद्धा बेलीफानं उचलली. लग्नाआधी कोणी विचारलं नव्हतं — वाईट दिसतं म्हणून. वाईट दिसतं! नंतर जे दिसलं ते काय चांगलं होतं?

ता. १९, शुक्रवार

साहेब होते. किल्ली होती. तिकीट नव्हतं!

अर्जाला लावायचं तिकीट संपलं म्हणे. पुढच्या हप्त्यात येईल. तोपर्यंत अर्ज तरी लिहून ठेवावा म्हणून निंबाखालच्या अर्जनवीसाकडे बसले. तो विचारतो, "शोध कशासाठी पाहिजे? कारण लिहावं लागते." म्हटलं, लिही — नातीचं लग्न. त्यानं टाक खाली ठेवला. "आजीबाई, इथं खरेदी लिहितात, गहाण लिहितात. लग्न कसं लिहू?"

मग लिही म्हटलं खरेदी. एवढा हुंडा मोजून राहिलो आम्ही, खरेदीच आहे ती.

हसता हसता त्याला ठसका लागला. पैसे मात्र पुरते घेतले मेल्यानं.

ता. १ मार्च, सोमवार

महाशिवरात्र. कचेरी बंद!! उपास माझ्या पोटात, आणि सुट्टी माझ्या डोक्यात नाही. दारावरच्या कुलपाला हात जोडून परत आले. घरी सांगितलं, महादेवाच्या दर्शनाला गेले होते.

ता. ४, गुरुवार

झालं एकदाचं. कारकुनानं नावांचं पुस्तक काढलं, एवढं जाड की पाट्यासारखं दोन हातांनी धरून आणलं. धूळ माझ्या तोंडावर. एकेका नावावरून बोट फिरवत गेला. मध्येच चहा आला. मध्येच एक वकील आला, त्याचं काम आधी झालं. माझं काय, मी तर कचेरीतला खांब! शेवटी म्हणतो, "नारायण वल्द दगडूजी, राहणार चिखली — या नावावर काही बोजा नाही." मी म्हटलं, तोंडी नको. लिहून दे. शिक्का मार.

कागद उत्तमपुढे टाकला. त्याचा जीव भांड्यात पडला. "झालं ना समाधान? आता कचेरीची पायरी चढू नको, माय. तुले माझी आण आहे."

कोकिळेनं स्वतः होऊन माझे गुडघे चोळून दिले. सूनबाईनं शिरा केला. मला बाई शिरा गोड लागला नाही. एवढं सरळ कोणाचं असतं काय?

ता. ६, शनिवार

डोकं फोडून घ्यावंसं वाटतं!

मंजुळाबाई आली आहे लेकीकडे. मूळची मोताळ्याची. विहिरीवर भेटली, मी कोकिळेच्या सोयरिकीचं सांगितलं. तर म्हणते, "चिखलीचे नारायणराव? अवो, तो तर आमचा उकंडा! तुळशीरामचा पोरगा. चांगला मिसरूड फुटल्यावर दत्तक गेला चिखलीले."

दत्तक गेला! म्हणजे नाव बदललं, बापाचं नाव बदललं, गाव बदललं. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, दत्तक माणसाला दोन नावं असतात. आणि मी एवढे हेलपाटे घालून एकाच नावाचा शोध घेतला. दुसरं नाव विचारलंच नाही. सोजरे, तुझ्या अकलेला पोतेरं!

ता. ९, मंगळवार

उत्तमची आण मोडली. माझ्या पोटच्या पोराची आण मला बाधत नाही, मीच त्याला जन्म दिलाय.

कारकून म्हणाला, "पुन्हा?" म्हटलं, पुन्हा. आता उकंडराव वल्द तुळशीराम, राहणार मोताळा.

बोट फिरवलं. थांबलं. मलाही दिसलं ते नाव, मी अक्षर जोडून जोडून वाचलं. मिलीची जागा, वरची इमारत, आतलं मशीन — सगळं बँकेकडे गहाण. फेडल्याची नोंद नाही.

"हे त्या दिवशी काऊन नाही सापडलं रे?"

"आजीबाई, पुस्तक नाव पाहते. माणूस नाही पाहत."

लपवलं! जुन्या नावाच्या घोंगडीखाली अख्खी मिल झाकून ठेवली! मोटारीत मी एकटीच बडबडत आले, शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

वाटलं, उत्तम आता चवताळेल, सोयरीक मोडतो म्हणेल. तो पांढरा पडला. एवढंच बोलला, "कोणाजवळ बोलू नको, माय. मी पाहतो." काय पाहतो? याचा बाप असता तर एव्हाना चिखलीत पोचला असता. असो. तो नाही तर मी आहे.

ता. ११, गुरुवार

गेले मिलीवरच. तुरीचा धुराळा एवढा, की माणसं हळद लावल्यासारखी पिवळी. नारायणरावांनी स्वतः बाज टाकली, बसा म्हणाले. मी उभ्यानंच बोलले. तुमची मिल गहाण आहे. उकंडरावच्या नावानं. सरकारी पुस्तकात मी डोळ्यांनी पाहिलं.

मला वाटलं, आता माणूस खाली पाहील. तो तर कौतुकानं माझ्याकडेच पाहायला लागला!

"हाव, गहाण आहे ना. जागा माझ्या जन्माच्या बापानं माझ्या नावानं घेतलती, ते जुनं नाव तसंच राह्यलं. मग कर्जही त्याच नावावर झालं. हे मशीन त्याच पैशाचं आहे, तुमच्या समोर घरघर करून राह्यलं. हप्ता चुकला असंल तर बँकेत विचारून या."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं ना! पहिल्याच बैठकीत सांगितलं उत्तमरावले. ते म्हणले, धंद्यात हे चालतेच, आमची काही हरकत नाही."

मी त्या बाजेवर बसले. तेवढ्यात त्यांची बायको सत्यभामाबाई चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देत म्हणते, "तुमच्या घरात एकमेकासंग बोलत नाहीत काय वो?"

चहा प्यायले. साखर जास्त होती.

निघताना नारायणराव म्हणाले, "पण हे बेस केलं तुम्ही, सोजराबाई. पोरगी द्यायची तर पाहूनच द्यावं. आता आम्हीबी तुमचं पाहतो. डोणगावचे कागद मेहकरच्या कचेरीत असतात ना?"

म्हटलं, पाहा! खुशाल पाहा! आधी विचारून जा, तिकीट आहे का. सगळे हसले. मुलगा तर पोत्याआड तोंड लपवून हसत होता. चांगलं घर आहे. चांगली माणसं आहेत. मीच भांडण शोधत गेले आणि सोयरे सापडले.

ता. १२

उत्तमला धरलं. तुला माहीत होतं, मग मला का नाही सांगितलं? म्हणाला, "तू घर डोक्यावर घेतलं असतं." घेतलंच असतं. त्यात खोटं काय? पण पोरीच्या लग्नाची गोष्ट घरातल्या म्हातारीला परक्याच्या मिलीत जाऊन कळावी!

कोकिळेला मात्र सगळं सांगितलं. सत्यभामाबाईंचा टोमणासुद्धा. ती एवढी हसली की हातातलं पीठ सांडलं.

ता. १५, सोमवार

कंडक्टरजवळ नारायणरावांचा निरोप आला. उद्या मेहकरला जाऊन आमच्या दुकानाचा शोध घेतात, आणि तिथूनच तिथी काढायला घरी येतात. दुकान उत्तमच्या नावावर. त्याला वाढता वाढता मी हसून सांगितलं — घेऊ दे, आपल्याला कशाची भीती?

त्यानं तोंडाशी नेलेला घास ताटात ठेवला. कोकिळा चुलीपाशी होती. म्हणून हळूच बोलला, "माय, त्याईले थांबवता येईल काय? चारच दिवस?"