गिटारच्या पोटातलं नवं भोक

दादा,

टेबलावरचा भुसा झाडायच्या आधी हे वाच. तू आणलेला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज वायरीने स्पीकरवर नेऊन मोठा करणारा तो तुकडा, गोल भोकात, तारांखाली अडकवायचा असतो. बाबांनी स्वतः घडवलेल्या त्या गिटारचं भोक पानाच्या आकाराचं आणि वर खांद्याशी, वाजवणाऱ्याच्या कानापर्यंत आवाज चढावा म्हणून. तिथे तो बसणार कसा? मग बाबांनी तारा उतरवल्या आणि गिटारच्या पोटात करवतीने नवं गोल भोक पाडायला घेतलं! मी घरात शिरले तेव्हा अर्धं कापून झालं होतं. "बाबा, थांबा!" त्यांच्या पाठीशी उभी राहून मी दोनदा बोंबलले. करवत चालूच. खांद्याला हात लावला तेव्हा ते दचकले आणि हसून म्हणाले, "कधी आलीस गं?"

तुला माहीत होतं. नाहीतर जन्मात गिटारला वायर न लावणाऱ्या माणसाला पिकअप कशाला आणून दिलास? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस, शहाण्या!

त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेतेय. परत आल्यावर गिटारवरून त्यांच्यावर तोंड टाकू नकोस. आणि जे काही बोलशील, ते समोर उभा राहून बोल.

धाकटी