पाच ताऱ्यांच्या घरातली शेगडी

८ डिसेंबर, वाशीम
प्रमाणपत्र आलं! घराला वीज किती कमी लागते त्याचं ऊर्जा तारांकन, पाचही तारे. ऑफिसात दुसऱ्यांच्या घरांच्या फायली करता करता शेवटी स्वतःच्या घराला. हॉलमध्ये टांगलं. आई म्हणाली, "आता लाईट कायले लावतं? तारे आहेत ना."
गुण भिंतींचे, छपराचे, काचेचे. फटींचे नाहीत, पण मी हौसेने दारा-खिडक्यांना रबर लावून सगळ्या फटी बुजवल्या. धूळ नाही, थंडी नाही. अनसिंगच्या शांताकाकूंचं घरही तसंच करवून घेतलं. त्या नको म्हणत होत्या, मी भांडले. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला आलीय.
आमची रेणू उद्या बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी. धाकटी बहीण आई झाली, मी मावशी! अजून खरं वाटत नाही.

१० डिसें.
शेक-शेगडी सुरू. रेणूच्या बाजेखाली निखारे, वर ओवा-वेखंडाची धुरी. वारं लागू नये म्हणून आईने दाराच्या उंबऱ्याशी गोधडी कोंबली. म्हटलं, अगं रबर आहे, गोधडी कशाला! खोलीची ऊब संध्याकाळपर्यंत हटली नाही. जुन्या घरी शेगडी सारखी भरावी लागायची. आज फार मिरवून घेतलं.

११ डिसें.
रेणूचं डोकं दुखतंय, मळमळतंय. आई: "बाळंतिणीले होतेच तसं." पोर मात्र गुणाची. रडत नाही, नुसती झोपते. दुधालाही उठवावं लागतं.

१२ डिसें.
दुपारी रेणूचं ताट घेऊन गेले. हाक मारली, ओ नाही. आई भिंतीला टेकून बसलेली, डोळे उघडे, पण तोंडातून शब्द फुटेना. बाळाला उचललं तर मान लुळी. मी किंचाळले असणार, कारण शेजारचे भास्करराव धावत आले. तिघींना अंगणात ओढलं, त्यांच्याच गाडीत घातलं.
खोलीत धूर नव्हता. वास म्हणावा तर नेहमीचा ओव्याचा. मग कशाने
आता दवाखान्यात. तिघींना ऑक्सिजन. बाळाला आत नेलंय, आम्हाला बघू देत नाहीत.

१३ डिसें.
डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "शेगडी होती? खोली बंद?" मी दोन्हीला हो म्हटलं. कोळशाचा विषारी वायू. ना रंग, ना वास.
रेणू शुद्धीवर आलीय. सारखं एकच, "माही पोर कोठी आहे?" पोर काचेच्या पेटीत. जगेल का, ते आताच सांगता येत नाही म्हणे. हे रेणूला कसं सांगू?
आई सावरली, पण स्वतःला बोल लावत बसलीय. "तुमा दोघीले याच शेगडीवर शेकलं वं. तवा काहून नाही झालं?"
तेव्हा घरावर मातीच्या कवेलूंचं छप्पर होतं, आई. सगळं कवेलूंच्या फटींतून वर निघून जायचं. हे इथेच लिहितेय. तिचा हात धरून बसले.

१५ डिसें.
सकाळी बाळाने डोळे उघडले! चमच्याने थोडं दूध घेतलं. पण ऐकते का, पुढे नीट वाढेल का... डॉक्टर "पाहू" म्हणतात. त्या शब्दाची आता धडकी भरते.
पेटीतल्या तिच्याकडे बघत उभी होते आणि एकदम अनसिंग आठवलं. इतके दिवस कसं नाही आठवलं! काकूंना फोन लावला.
"मंदा! नातू झाला वं मले. पेढे खायले ये."
"काकू, शेगडी ठेवलीय का?"
"ठेवली ना. तू करून देल्ल्या खोलीत तं ऊब हटतच नाही."
"आधी ती बाहेर काढा. दारं-खिडक्या उघडा, आत्ता!"
"काहून? लेकराले वारं लागन ना. बरे झोपून राह्यले दोघं मायलेक. कालपासून पोट्टं रडलं बी नाही, लय गुणाचं..."
मी काय ओरडले ते आठवत नाही. फोन कट झाला. आता उचलत नाहीत.

१५ डिसें., बसमध्ये
अनसिंगकडे निघालेय. तिथल्या दवाखान्यात कळवलं, गाडी पाठवतो म्हणाले. पोहोचली का, कळत नाही. काकूंना पुन्हा पुन्हा लावतेय, नुसती रिंग जाते. ड्रायव्हर प्रत्येक फाट्यावर थांबतोय.
ऐकलं असेल माझं. शेगडी बाहेर काढली असेल. दार उघडलं असेल, खिडकी पण.
खिडकी नाही उघडणार. रबरामुळे खिडक्या फार घट्ट बसतात, एकट्या बाईला जोर पुरत नाही, अशी काकूंनी तक्रार केली होती. तेव्हा मीच हसून म्हटलं होतं, उघडायच्या कशाला?